नानखटाई : केक कीं बिस्किट ?

आमच्या राहात्याच्याच एका वाचक भगिनीनें आम्हांस एक प्रश्न पाठविला आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु वाचून बाजूस सारावा असा नाहीं. या भगिनी गेलीं दोन वर्षें घरच्या घरीं नानखटाई करून विकतात. आजवर ओळखीच्या घरांतून डबे जात. आतां शिर्डीच्या वाटेवरील एका दुकानदारानें माल ठेवण्याचें कबूल केलें आहे, आणि त्यासाठीं छापील वेष्टन हवें आहे. 'नानखटाई' या नांवाखालीं काय छापावें, यावरून घरांत पक्ष पडले. दीर म्हणतात, 'बिस्किट' छापा, म्हणजे गिर्‍हाइकास चटकन समजेल. जाऊबाई म्हणतात, 'केक' छापा, म्हणजे दोन पैसे अधिक मिळतील. सासूबाई कांहींच म्हणत नाहींत. परंतु या घरांत आल्यापासून त्यांनीं बेकरीचा जिन्नस तोंडांत घातलेला नाहीं. वेष्टनावर 'बिस्किट' हा शब्द आला तर सुनेच्या हातची नानखटाई त्या चाखतील काय, ही या भगिनीची खरी चिंता आहे. पत्राच्या शेवटीं त्या विचारतात, "गुरुजी, नानखटाई हा केक कीं बिस्किट, आणि तें ठरवावयाचें तरी कोणीं ?"

प्रश्नाचा पहिला भाग वस्तूविषयीं आहे, दुसरा अधिकाराविषयीं. क्रमानें घेऊं.

आपल्या न्यायशास्त्रानें वस्तूचें लक्षण करण्याची एक शिस्त घालून दिली आहे. लक्षण म्हणजे ज्या वस्तूची ओळख सांगावयाची तिच्यांत असणारा व इतरत्र नसणारा असा धर्म. त्यास तीन दोष संभवतात. लक्षण सर्व लक्ष्यांस पोंचलें नाहीं तर अव्याप्ति; लक्ष्याबाहेर सांडलें तर अतिव्याप्ति; आणि कोठेंच लागू पडलें नाहीं तर असंभव. यासाठीं गाईचें उदाहरण प्रसिद्ध आहे. 'कपिल रंगाची ती गाय' म्हटलें तर पांढरी गाय सुटते. 'शिंगें असलेली ती गाय' म्हटलें तर म्हैस आंत शिरते. 'अखंड खुराची ती गाय' म्हटलें तर एकही गाय सांपडत नाहीं. गळ्याखालीं लोंबणारी पोळी हेंच तिचें निर्दोष लक्षण. नानखटाईच्या बाबतींत अशी पोळी कोणती, हें आपणांस शोधावयाचें आहे.

प्रथम नांवाकडे पाहूं. 'नान' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ रोटी. 'खटाई' हें 'खताई'चें रूप, म्हणजे खताय देशची. उत्तर चीनला मध्य आशियांतील लोक पूर्वीं खताय म्हणत. आंबटपणाशीं या खटाईचा कांहीं संबंध नाहीं. तेव्हां केवळ नांवाप्रमाणें चालावें तर नानखटाई ही केकही नव्हे आणि बिस्किटही नव्हे. ती चीनकडची रोटी ठरते! 'बिस्किट' या शब्दाची गोष्ट तर याहून मौजेची आहे. त्याचें मूळ लॅटिन भाषेंत असून अर्थ 'दोनदां भाजलेलें' असा आहे. परंतु हल्लींचें बिस्किट एकदांच भाजतात. दोनदां भाजतात तो आपल्या चहाबरोबरचा टोस्ट : आधीं पाव भाजावयाचा, मग त्याचे काप करून ते पुन्हां भट्टींत कडक करावयाचे. म्हणजे व्युत्पत्तीच्या दरबारांत टोस्ट हेंच अस्सल बिस्किट ठरेल आणि ज्यास आपण बिस्किट म्हणतों तें तोतया ठरेल. असा निर्णय कोणीही शहाणा माणूस मानणार नाहीं. व्युत्पत्तीपेक्षां रूढि बलवत्तर, हें आपल्या वैयाकरणांनीं व नैयायिकांनीं केव्हांच ओळखलें होतें. 'पंकज' म्हणजे चिखलांत जन्मलेलें. पण म्हणून बेडकास कोणी पंकज म्हणत नाहीं.

नांव सोडून जिनसांकडे वळूं. नानखटाईस लागतात मैदा, पिठीसाखर आणि तूप. कोणी थोडें बेसन अथवा रवा घालतात. सुवासाला वेलदोडा किंवा जायफळ, आणि फुलण्यापुरता चिमूटभर सोडा. तूप व साखर हातानें फेसून हलकीं करावयाचीं, त्यांत पीठ मिसळून गोळा करावयाचा, आणि त्याच्या चपट्या गोळ्या मंद आंचेवर भाजावयाच्या. अंडें नाहीं, पाणीही बहुधा नाहीं. पाणी नसणें हेंच तिच्या खुसखुशीतपणाचें वर्म आहे. पिठास पाणी लागून तें मळलें गेलें म्हणजे त्यांत एक चिवट द्रव्य तयार होतें. त्यामुळेंच पोळीची कणीक ताणतां येते. नानखटाईंत तूप पिठाच्या कणाकणास वेढून टाकतें, तो चिवटपणा येऊंच देत नाहीं, आणि म्हणून ती दांतांखालीं न ताणतां जिभेवर विरते. करंजीच्या पारीस आपण कडकडीत मोहन घालतों तें याच हेतूनें.

'अंडें असेल तो केक' असें लक्षण कित्येक घरांत रूढ आहे. तें टिकत नाहीं. अंड्यावांचून केलेले केक आज गांवोगांव मिळतात, ही झाली अव्याप्ति; आणि अंडें घातलेलीं बिस्किटेंही असतात, ही झाली अतिव्याप्ति. 'लहान व चपटें तें बिस्किट' म्हणावें तर कागदाच्या वाटींतला इवलासा मावा केक आड येतो. 'गोड तें बिस्किट' म्हणावें तर खारें बिस्किट बाहेर राहतें. 'भट्टींत भाजलेलें' म्हणावें तर पावापासून खारीपर्यंत सारींच आंत येतात.

या बाबतींत विलायतेंत एक खटला झालेला आहे, तो वाचकांनीं ऐकण्याजोगा आहे. तिकडे 'जाफा केक' नांवाचा चहाबरोबर खाण्याचा एक लोकप्रिय पदार्थ आहे. मॅकव्हिटी अँड प्राइस या कंपनीनें तो १९२७ सालीं बाजारांत आणला. खालीं मऊ चकती, तीवर संत्र्याच्या मुरंब्याचा थर, आणि वर चॉकोलेटचा लेप, असें त्याचें स्वरूप आहे. ब्रिटनमधील मूल्यवर्धित कर केकवर व साध्या बिस्किटावर शून्य दरानें आहे. चॉकोलेट लावलेल्या बिस्किटावर मात्र पुरा कर बसतो. करखातें म्हणालें, हें चॉकोलेटचें बिस्किट. कंपनी म्हणाली, हा केक. १९९१ सालीं प्रकरण न्यायाधिकरणापुढें गेलें. न्यायाधिकरणानें नांवास फारसें महत्त्व दिलें नाहीं. आकार, वेष्टन, दुकानांत मांडण्याची फळी आणि हातानें खाण्याची रीत हीं सारीं बिस्किटाच्या बाजूचीं आहेत, हेंही त्यानें मान्य केलें. परंतु खालची चकती अंडीं, साखर व मैदा यांच्या पातळ मिश्रणाची, म्हणजे केकच्याच जातीची. ती मऊ असते, कडकन् मोडत नाहीं. आणि शिळी झाली म्हणजे केकप्रमाणें कडक होते, बिस्किटाप्रमाणें नरम पडत नाहीं. या गोष्टी एकत्र तोलून तो केकच आहे असा निकाल झाला.

यांतील शिळेपणाची कसोटी आम्हांस विशेष मार्मिक वाटते, कारण तिच्यामागें पदार्थाचा स्वभाव आहे. भट्टींतून निघालेल्या केकमध्यें ओलावा पुष्कळ असतो. तो हवेंत जातो आणि केक कोरडा पडतो. बिस्किटांत ओलावा इतका थोडा असतो कीं, उलट तेंच हवेंतला ओलावा ओढून घेतें. आमच्या राहात्याची हवा एरवीं कोरडी. तरीही श्रावणांत डब्याचें झांकण सैल राहिलें तर नानखटाई दुसर्‍या दिवशीं नरम लागते. म्हणजे या कसोटीस ती बिस्किटाच्या पंक्तीस बसते. मात्र ही एकच कसोटी पुरेशी नाहीं. खारीही नरम पडते आणि पापडही नरम पडतो, म्हणून पापड बिस्किट होत नाहीं. यास्तव आम्ही लक्षण असें करतों : ज्याचें कच्चें मिश्रण ओतावें लागतें व जें भांड्याचा आकार घेतें, तो केक, आणि ज्याच्या स्निग्ध, न आंबविलेल्या पिठाच्या गोळ्यास भाजण्यापूर्वींच हातानें वा सांच्यानें आकार देतां येतो, व जें शिळें झाल्यावर नरम पडतें, तें बिस्किट. 'न आंबविलेल्या' या पदानें पाव वगळला, 'भाजण्यापूर्वीं' या पदानें टोस्ट वगळला. खारीच्या पिठांत तूप मुरवीत नाहींत, तर घडीघडीस थर देतात, म्हणून तीही वेगळी राहते. हें लक्षण लावलें असतां नानखटाई ही बिस्किटाच्या वर्गांतली ठरते. पुण्याच्या कयानी बेकरीचें श्रूजबरी बिस्किट पुष्कळांनीं खाल्लें असेल. ती बेकरी १९५५ पासून चालू आहे. खुसखुशीतपणांत तें बिस्किट नानखटाईचें जवळचें नातलग शोभेल.

येथें पहिल्या भागाचें उत्तर संपलें. परंतु 'तें ठरवावयाचें कोणीं' हा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. वस्तु एकच असते; पण तिचा वर्ग कोणत्या कामासाठीं विचारला जात आहे, हें पाहिल्यावांचून उत्तर देऊं नये.

आपल्याच अकोल्याचा एक खटला पाहा. मध्यप्रांत व वर्‍हाडच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्यांत भाजीपाल्यास माफी होती. अकोल्याच्या एका पानाच्या व्यापार्‍यानें म्हटलें, विड्याचें पान ही वेलीवर येणारी वनस्पति आहे, तेव्हां ती भाजी समजून मला माफी मिळावी. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६१ सालीं निकाल लागला कीं, करकायद्यांतले शब्द वनस्पतिशास्त्राच्या अर्थानें घ्यावयाचे नसून नित्याच्या व्यवहारांतील अर्थानें घ्यावयाचे. आणि व्यवहारांत भाजी म्हणजे मळ्यांत पिकणारी व जेवणांत उपयोगी पडणारी. बाजारांतून भाजी आणावयास सांगितलेला गडी विड्याचीं पानें घेऊन आला, तर घरधनीण त्यास काय म्हणेल, हें सांगावयास न्यायशास्त्र नको ! अलीकडे, डिसेंबर २०२४ मध्यें, लहान बाटल्यांतील शुद्ध खोबरेल हें खाण्याचें तेल कीं केंसांचें तेल, याचाही निकाल त्याच न्यायालयानें दिला. बाटली लहान आहे एवढ्यानेंच तें केशतैल होत नाहीं. वेष्टनावर केशतैल म्हणून लिहिलें नसेल तर तें खाण्याचें तेल समजावें, असें ठरलें.

आमच्या भगिनीच्या धंद्यापुरतें पाहिलें तर कराचा हा घोर आतां उरलेला नाहीं. वस्तु व सेवा करांत साध्या पावावर कर नाहीं. टोस्टवर शेंकडा ५ आणि केक व बिस्किट यांवर शेंकडा १८ असा दर पूर्वीं होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक व बिस्किट यांवरील दरही शेंकडा ५ झाला. म्हणजे आपल्याकडे या करापुरतें केक आणि बिस्किट एकाच पाटावर बसतात. जाऊबाईंना 'केक' या नांवानें जे दोन पैसे अधिक दिसतात, ते सरकार देत नाहीं, गिर्‍हाईक देईल. आणि केक समजून डबा उघडणार्‍या गिर्‍हाइकास आंत नानखटाई दिसली तर तें पुन्हां यावयाचें नाहीं.

कामाप्रमाणें वर्ग ठरविण्याची ही रीत आपल्या घरांना नवी नाहीं. उपवासास धान्य वर्ज्य. परंतु भगर चालते. वनस्पतिशास्त्रज्ञास विचाराल तर भगर हें तृणधान्यच आहे, बाजरी-नाचणीच्या जातीचें. तरी महाराष्ट्रांतील एकादशीच्या पानावर ती निःशंकपणें वाढली जाते. कारण व्रताचा व्यवहार शास्त्रज्ञाच्या कोष्टकावर चालत नसून परंपरेनें मानलेल्या फराळाच्या यादीवर चालतो. तसेंच, पाण्यांत शिजलेल्या अन्नास खरकट्याचे जे नियम लागत, ते तुपांत तळलेल्या पक्वान्नास तितक्या कडकपणें लागत नसत. धान्य एकच, पण कामाप्रमाणें वर्ग निराळा.

अशा वर्गीकरणांत विवेक आहे तोंवर तें उपयोगी. परंतु नांवानेंच विचाराची जागा घेतली म्हणजे काय होतें, याचाही अनुभव आपल्या समाजानें घेतलेला आहे. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानासाठीं जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणीं चहा घेतला, कोणीं शिष्टाचारापुरता स्वीकारून बाजूस ठेवला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें 'पुणेवैभव' पत्रांत छापवून आणलीं, आणि एकच गहजब झाला. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, ग्रामण्य माजलें, आणि १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. पेल्यांत काय होतें, बिस्किट कशाचें होतें, हें विचारण्यास कोणास सवड नव्हती. 'मिशनचा चहा' हे दोन शब्द पुरेसे झाले. कित्येक घरांतल्या लेकीसुनांचें माहेरपण आणि कित्येकांचीं श्राद्धकार्यें त्या दोन शब्दांपायीं अडलीं. पुढें दिल्लींत 'हिंदू बिस्किट कंपनी' निघाली, आणि उच्चवर्णीयांच्या हातचा माल म्हणून तिची जाहिरात झाली. यावरून दिसतें कीं, लोकांची शंका बिस्किटाविषयीं कधींच नव्हती. भाजणारा कोण, आणि आंत काय घातलें आहे, एवढीच ती शंका होती. यांतली पहिली शंका आज कोणत्याही सुशिक्षित कुटुंबानें मनांत ठेवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. माणसाच्या हातास जात लागत नाहीं, स्वच्छता लागते. दुसरी शंका मात्र रास्त आहे, आणि ती प्रत्येकास आपापल्या आहारनियमाप्रमाणें विचारण्याचा अधिकार आहे.

आमच्या लहानपणीं पुष्कळ घरांनीं या दोन्ही शंकांवर एक तोड काढली होती. दिवाळीपूर्वीं घरचें तूप, घरची साखर आणि चाळलेला मैदा घेऊन कोणीतरी मोठें माणूस भट्टीवर जाऊन बसे, आणि समोर भाजून घेतलेली नानखटाई पत्र्याच्या डब्यांतून घरीं येई. तिला कोणी बेकरीचा जिन्नस म्हणत नसे, फराळाचाच म्हणत. भट्टी तीच, भाजणारा तोच. पण आंत काय आहे हें ठाऊक होतें, म्हणून मन निःशंक होतें.

आतां सासूबाईंविषयीं. त्यांचा नियम कोणत्या हेतूनें धरलेला आहे, हें त्यांनाच शांतपणें विचारावें. अंड्याची शंका म्हणून असेल, तर ज्या स्वयंपाकघरांत त्या स्वतः वावरतात तेथें ती शंका उरतच नाहीं. मग पदार्थास बिस्किट म्हणा वा आणखी कांहीं म्हणा, नियम मोडत नाहीं. एखादें व्रत म्हणून किंवा कोणाच्या आठवणीसाठीं त्यांनीं तो सोडला असेल, तर तो त्यांचा व्यक्तिगत त्याग आहे. त्यास तर्कानें छेद देणें शोभत नाहीं. परंतु एक गोष्ट कोणींही करूं नये. 'हें बिस्किट नव्हेच, हा आपला लाडूचाच प्रकार' असें सांगून वडील माणसाच्या हातावर वस्तु ठेवूं नये. चव घेतली जाईल, पण विश्वास जाईल. आणि एकत्र कुटुंबांत साखरतुपापेक्षां विश्वास महाग असतो. सुनेच्या कष्टांचें कौतुक करण्यास घांसच खाल्ला पाहिजे असें नाहीं. पहिला डबा देवापुढें ठेवून त्यांच्या हातून शेजारीं पाठवावा. त्या खातील अथवा न खातील, डबा त्यांच्या हातचा झाला.

घरांतील ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यापुरतें या सार्‍या वादाचें मोल शून्य आहे, हेंही सांगून टाकतों. केक म्हटल्यानें वा बिस्किट म्हटल्यानें मैदा, तूप आणि साखर यांचें प्रमाण बदलत नाहीं.

राहिलें वेष्टन. त्यावर मोठ्या अक्षरांत 'नानखटाई' एवढेंच छापावें. ज्या पदार्थास स्वतःचें नांव आहे आणि तें नांव घरोघर समजतें, त्यास उसन्या नांवाचा टेंकू कशाला ? फार तर खालीं लहान अक्षरांत 'साजूक तुपांतील खुसखुशीत बिस्किट' अशी ओळ घालावी. ती खरी आहे, म्हणून दिरांचेंही समाधान होईल. त्याखालीं जिनसांची यादी, ज्याचें वजन अधिक तो जिन्नस आधीं या क्रमानें. हिरव्या चौकटींत हिरवा ठिपका, कारण नियमाप्रमाणें अंडें असलेला पदार्थ मांसाहारी वर्गांत जातो आणि त्यावर तपकिरी खूण लागते. तयार केल्याची तारीख. आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडील नोंदणीचा क्रमांक. तूप खरोखरच साजूक असेल तरच तो शब्द छापावा. वनस्पति तूप वापरावयाचें असेल तर तसें स्पष्ट लिहावें, आणि किंमतही तशीच ठेवावी.